इंग्रजी निघून गेल्यावर

अर्णव, मीरा,

रविवारी फोनवर तुम्ही मला शाळेतल्या नाटकाबद्दल सांगत होतात आणि मी नुसती पडद्याकडे बघत राहिले. "आजी रागावली आहे," असं अर्णव बाबाला म्हणाला आणि फोन बंद झाला. मी रागावले नव्हते. उन्हाळ्यात मला पक्षाघाताचा सौम्य झटका आला, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात माझं इंग्रजी गेलं, हे बाबाने सांगितलेलं दिसत नाही. तुमचं बोलणं मला कळतं, पण उत्तर तोंडातून निघत नाही. तुमचा गैरसमज वाढायच्या आत हे लिहिते आहे. बाबा वाचून दाखवेल आणि अर्थ सांगेल.

याच इंग्रजीसाठी मी घर सोडलं होतं. आमचं गाव मुरबाडपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. कल्याणला कॉलेजात जायचं ठरलं, तेव्हा आई माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत आली. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "जा गो. तिकडं आमच्यावानी नको बोलू, लोकं हसतील."

मी ऐकलं. माझ्या बोलण्यातलं 'नाय' गेलं, 'आमी' गेलं. सुट्टीत घरी आले की आई माझ्याशी जपून बोले, पाहुणीशी बोलावं तशी. मग मीही जपून बोले. आमच्या दोघींतलं बोलणं त्यानंतर कधी पूर्वीसारखं झालं नाही.

लग्न होऊन शहापूरला आले आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले. भातकापणी उरकली की मुलं वर्गात परतत, ती शंका घेऊनच. काकाही अंकल आणि मामाही अंकल, मग भांडण नक्की कोणाशी झालं ते कसं कळायचं? मी सांगे, नाव घालून बोला, इंग्रजीत तसंच चालतं. बौद्धवाडीतल्या सुजाताने एकदा उभं राहून विचारलं, "बाई, पाटलालाबी 'यू' आनि माझ्या आयलाबी 'यू'च?"

"हो. एकच शब्द."

"मंग मी शिकनार ही भाषा."

वर्ग हसला. ती हसली नाही.

ही भाषा आली की तुमची मुलं कुठे अडणार नाहीत, असं मी पालकांना सांगत असे. ते खरं झालं. मुलं ठाण्याला गेली, पुण्याला गेली, काही परदेशी. तुमचा बाबाही गेला. तो तिथे अडला नाही, तुम्हीही अडला नाहीत. अडले ती मी.

सुजाता आता भातसानगरला धरणाच्या ऑफिसात आहे. कामावरून परतताना माझ्याकडे येते, स्वयंपाकघरातली एकेक वस्तू समोर धरते आणि इंग्रजी नाव विचारते. परवा चमचा धरला होता.

"बोला बाई. स्प... स्प..."

मी ओठ जुळवले. शब्द आला तो "पली." माझी आई पळीला पली म्हणायची.

"इंग्रजीत, बाई."

"नाय येत गो," मी म्हणाले.

सुजाताने चमचा खाली ठेवला. "अगं बाई! आमाला 'नाय' म्हटल्यावर उभं करायच्या तुमी. इतकी वर्षं कुठं दडवलं होतं हे?"

आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मात्र मला हसू आलं नाही. ज्या माणसांशी ही बोली बोलायची, त्यांतलं आता कोणी नाही. गावची जमीन विकली गेली. घर होतं तिथे कोणाच्या तरी फार्महाऊसचं कुंपण आहे आणि फाटकाला कुलूप असतं. घर कुठे असं विचारलंत, तर मला बोट दाखवता येईल अशी जागा उरलेली नाही.

इंग्रजी थोडंफार परत येईल, असं डॉक्टर म्हणतात. खात्री देत नाहीत. पुस्तकी मराठी लिहिताना येते, तीही सावकाश. बोलायला मात्र आईची बोली तेवढी उरली आहे, जी मी तुम्हाला कधी ऐकवली नाही. तुम्हाला ती समजणार नाही. रविवारी फोन केलात, तर मी तीतच बोलेन. ती अजून शाबूत आहे.