मागच्या खोलीतला ड्रायव्हर

आमच्या मागच्या खोलीत ड्रायव्हरचं भूत आहे, ही बातमी बोईसरभर झाली, त्याला जबाबदार मी.

मी सांगलीकडचा, तारापूरच्या कारखान्यात नोकरीला. घरमालकीण मावशी जवळच्या मुरबे गावची. तिचे यजमान कंपनीची बस चालवायचे. ते त्याच खोलीत वारले. ती बंद खोली मी क्रिप्टोच्या रिगसाठी मागून घेतली. रिग म्हणजे क्रिप्टो कमावण्यासाठी सांगाड्यावर टांगलेली सहा ग्राफिक्स कार्डं आणि त्यांचे पंखे. (माझी बायको सुजाता तिला 'सवत' म्हणते.)

खारा वारा नको म्हणून मी खिडकीला प्लायवूड ठोकलं होतं. भर दुपारी आत काळोख, नुसते लाल दिवे. दाराखालच्या फटीतून गरम वारा यायचा, आत कुणी श्वास सोडत असल्यासारखा. तिथून जाताना मावशी डोक्यावर पदर घ्यायची. मला वाटायचं, ऊन लागत असेल.

एका सुटीच्या दिवशी सहावं कार्ड गायब! पंखा फिरतोय, पण कॉम्प्युटर म्हणतो असं कार्डच नाही. मित्राला फोन लावला, पंख्यांच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"ड्रायव्हर गेलाय रे," मी ओरडलो.

"जुना आतच असणार. तो मुळापासून काढ, तरच नवा बसेल."

"काढला तरी परत येतोय."

"मग उडवूनच टाक त्याला."

(ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कामाला लावणारं सॉफ्टवेअर. पण हे दाराबाहेर कोण सांगणार?)

जुना उडवला, नवा टाकला. स्क्रीन काळी झाली आणि सगळे पंखे एकदम थांबले. त्या शांततेत दारामागून हुंदका आला.

"नको रं काडू त्याला."

दार उघडलं, तर मावशी. मागे सुजाता.

"रोज आयकते मी, श्वास घेतो त्यो. त्याला काडलास तर तू पण बिराड उचल."

"मावशी, हा तो ड्रायव्हर नाही."

"मग कोन? दुसरा ड्रायव्हर माज्या घरात मेला नाय."



मावशी पदर सावरत आत आली आणि काळोखात हळूच म्हणाली, "अवो, हाय ना तुमी?"

एक पंखा फिरला. मग दुसरा. लाल दिवे एकामागून एक लागत गेले. सुजातानं आधारासाठी माझा हात धरायला हात पुढे केला, पण मी तिथे नव्हतो. (रिग अडकली की आपोआप पुन्हा सुरू व्हावी, ही सोय मीच केली होती. हे आठवलं तेव्हा मी परसातल्या नारळाखाली अनवाणी उभा होतो.)

नव्या ड्रायव्हरवर सहावं कार्ड काही चालेना. शेवटी निमूट जुनाच परत टाकला, आणि सहाही कार्डं धडाधड चालू झाली.

"बगितलंस?" मावशी म्हणाली. "त्यानं गाडी कदी ठोकली नाय."

आता ती दुपारी दाराशी बसून आतल्याशी बोलते. खरं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं, पण तिचा खुललेला चेहरा बघून माझाच जीव होईना.

परवा मुरब्याहून तिची बहीण आली. मी आत पंख्यांवरची धूळ पुसत होतो. तिनं घाबरत विचारलं, "आत कोन गं?"

"आमचे ड्रायव्हर," मावशी अभिमानानं म्हणाली. "आनि त्यो पुसतोय ना, त्यो त्यांचा क्लीनर."