आधी दोरी बघा

कुत्रं कितीही मोठ्या माणसाचं असो, ते आधी कुत्र्याकडे बघत नसत. दवाखान्याच्या आवारात कुत्रं आलं की ते उकिडवे बसायचे, साखळी हातात घ्यायचे, वितीने मोजायचे आणि मान वर करून मालकाला विचारायचे, "घरी एवढ्यालाच बांधता का?" मालक चिडायचा. आजार कुत्र्याला, आणि हा माणूस साखळी मोजतोय. त्यावर त्यांचं वाक्य ठरलेलं होतं.

"आधी दोरी बघा, मग कुत्रं."

जामखेडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी सात वर्षं डॉक्टर होतो आणि ते परिचर होते. म्हणजे आवार झाडणं, सुया उकळणं, बैल खोड्यात घालताना शिंगं धरणं. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, तरी मी त्यांना अरे-तुरे करत असे. सगळेच करत. आज इथे अहो-जाहो लिहितो आहे. त्याचा त्यांना आता काही उपयोग नाही.

तुम्हीही असं कुत्रं पाहिलं असेल. बंगल्याच्या फाटकाशी बांधलेलं, आपल्याच शेपटीमागे गोल गोल फिरणारं. आपण घटकाभर थांबतो, हसतो, एखादी टाळी वाजवतो आणि पुढे जातो. ते संध्याकाळपर्यंत तसंच फिरत असतं, हे आपल्याला कळत नाही. काही कुत्री पंजा चाटत बसतात, केस जाऊन लाल मांस दिसेपर्यंत. काही हवेत नसलेल्या माश्या पकडतात. हा खेळ नसतो. खेळ असता तर दमल्यावर थांबला असता. हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी गावात पाहिलं होतं.

त्यांचं गाव तालुक्याच्या पूर्वेला. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं कुलपं लावून ऊस तोडायला जातात, कोपरगावकडे आणि त्याच्याही पलीकडे. घर राखायला कुत्रं मागे ठेवतात. टोळीच्या ट्रकमागे धावू नये म्हणून त्याला दारातल्या खुंटाला आखूड बांधतात आणि भाकरी टाकायला शेजारच्या म्हातारीला सांगून जातात. म्हातारी भाकरी टाकते. सोडायला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून सोडत नाही. पाच-सहा महिन्यांनी माणसं परततात तेव्हा खुंटाभोवती जमिनीत वाटोळा चर पडलेला असतो. दोरी सोडली तरी कुत्रं त्या चरातच फिरत राहतं. मग लोक म्हणतात बाहेरचं लागलं, आणि उतारा टाकतात.

ते रविवारी सायकल घेऊन अशा बंद दारांपुढून हिंडत. कॅरिअरला काथ्याची दोरी, जुनी तार, लोखंडी कड्या. जिथे कुत्रं आखूड दिसेल तिथे उतरून दोरी वाढवून द्यायचे. एका वस्तीवर चोर समजून लोकांनी त्यांना बडवलं. दुसऱ्या दिवशी डोळा सुजलेला, आणि तक्रार भलतीच. "मारल्याचं काय न्हाई साहेब. दोरी परत आखूड केली लेकाच्यांनी."

त्यांची नजर माणसांवरही तशीच चालायची. टेबलावर फोन वाजला आणि पलीकडे कुणी वजनदार माणूस असला की माझा पाय आपोआप हलायला लागे. ते फडकं मारता मारता थांबत. "पाय हलतोय साहेब. कोन हाय दोरीला?" मी हसत असे. तेही.

पलीकडे बहुतेक वेळा शेठ असत. बाजारातले मोठे आडते. त्यांच्या बंगल्यात शेरू नावाचा तांबूस कारवानी कुत्रा होता. शिकारीचं, धावण्याचं जनावर, आणि बांधलेला होता तीन हात साखळीला, फाटकाजवळ. शेरू शेपटी पकडायचा आणि फाडायचा. मलमपट्टी केली की ती काढून पुन्हा फाडायचा. शेवटी शेठ म्हणाले, "शेपटीच काढून टाका डॉक्टर. मग पकडंल काय?" बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी झाडू ठेवून ते माझ्यापाशी आले. "साहेब, शेपटी काढून फिरनं जायचं न्हाई. फिरनं शेपटीत न्हाई."

तू डॉक्टर की मी, असं मी विचारलं.

टाके सुरेख आले होते. नवव्या दिवशी ते काढले आणि दहाव्या दिवशी शेरूने स्वतःची मांडी धरली. मी गुंगीच्या गोळ्या दिल्या. झोपेपुरतं बरं, जाग आली की पुन्हा तेच. तेव्हा त्यांनी शेठकडून तीन महिने मागून घेतले. शेठनी दिले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. दवाखाना सोडून दिवसभर बंगल्यावर राहायला मीही तोंडी हो म्हटलं.

त्यांनी आधी साखळी काढली. कडुलिंबापासून भिंतीपर्यंत डोक्याच्या वर तार ताणली, तिच्यात कडी सोडली आणि कडीला लांब दोरी. शेरू या टोकापासून त्या टोकापर्यंत पळू लागला. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ते त्याला माळावर न्यायचे. वेळ कधी चुकवली नाही. भाकरी ताटलीत देणं बंद केलं. तुकडे करून गोणपाटात, फुटक्या माठात, विटांच्या आड लपवायचे आणि शेरूला हुडकायला लावायचे. फिरायला लागला की कुणी हसायचं नाही, ओरडायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, पाठ करून चालू लागायचं; हे त्यांनी बंगल्यातल्या स्वयंपाकिणीपासून शेठच्या आईपर्यंत सगळ्यांना बजावलं होतं. शेठच्या आई म्हणाल्या, "कुत्र्याचा एवढा मान आम्ही जावयाचाबी राखला न्हाई."

त्यांना फिरणं सुरू होण्याच्या आधीची खूण सापडली होती. शेरूचा डावा कान मागे जायचा. तेवढ्यात ते त्याला हाक मारून काहीतरी काम द्यायचे. टोपी आण, काठी आण. हिशेब चिंचोक्यांचा. शेरू एकदा फिरला की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. संध्याकाळी माझ्या टेबलावर उजवा खिसा रिकामा करायचे. पहिल्या दिवशी त्रेसष्ट निघाले. दोन महिन्यांनी अकरा. तिसरा महिना संपताना एक दिवस त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. आत नुसता भुगा होता.

त्याच सुमाराला नगरला आमच्या खात्याचा मेळावा झाला. मी तिथे शेरूवर बोललो. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार, असा विषय. शेपटीचे टाके, गोळीचं नाव, तिची मात्रा, सगळं सांगितलं. शाल आणि नारळ मिळाला. ते माझी बॅग घेऊन आले होते. मागच्या रांगेत उभे राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना एसटीत ते म्हणाले, "साहेब, तारेचं सांगायचं राहिलं तुमचं. आन् चिंचोक्याचं."

मी विसरलो, असं त्यांना वाटलं होतं.

"राहिलं खरं," मी म्हणालो.

"पुढल्या टायमाला सांगा. लोकांच्या उपेगी पडंल."

पुढे शेठच्या मुलीचं लग्न निघालं. आठ दिवस आधी मांडव पडला. मांडवाचं कापड तारेला अडकतं म्हणून तार काढली आणि शेरूला बंगल्यामागे पाण्याच्या टाकीच्या नळाला बांधलं. पुन्हा तीन हात. त्या संध्याकाळी ते चिंचोके न ओतता माझ्यासमोर उभे राहिले. कान दिवसभर मागेच आहे, म्हणाले. "शेठला तुमी सांगा. माझं ऐकायचे न्हाईत. आठ दिस माझ्या घरी नेतो त्याला. लगीन झालं की आनून सोडतो."

एवढंच मागणं होतं. एक फोन.

आता हे नीट सांगायला हवं. माझा मुलगा नगरला कॉलेजात होता, बायको त्याच्याकडे, आणि मला नगरला बदली हवी होती. त्यासाठी मुंबईत शब्द टाकायचं शेठनी कबूल केलं होतं. लग्नाच्या धांदलीत कुत्र्याचं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्याकडे जावं, एवढी माझी छाती नव्हती. मी फोन केलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, "बोललो मी. शेठ नाही म्हणाले."

ते बरं म्हणाले आणि झाडू घेऊन आवारात गेले.

लग्नाच्या दुपारी पंगत बसली होती. तेव्हा कॅमेऱ्याचे मोबाईल नवे नवे आले होते. नवऱ्याकडची पाच-सहा माणसं बंगल्यामागे शेरूभोवती उभी राहून टाळ्या वाजवत होती, तो फिरत होता आणि एकजण त्याचं चित्रण करत होता. नवऱ्या मुलाच्या भावाने गंमत म्हणून शेपटीचं थोटूक धरलं. शेरूने त्याचं मनगट फोडलं.

मांडवात एकच गलका. नवऱ्याकडचे लोक ताटावरून उठले. शेठनी मला भिंतीपाशी घेतलं. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या शिपायानंच बिघडवलं ना त्याला? तारा काय बांधल्या, उपाशी ठेवून भाकरी काय हुडकायला लावल्या." वाक्य तयारच होतं. मला फक्त मान हलवायची होती. मी हलवली. मग त्यांनी कुत्र्याचं आत्ताच्या आत्ता काय ते करा म्हणून सांगितलं, म्हणजे पाहुणे परत बसतील.

मी दवाखान्यातून पेटी मागवली. पेटी घेऊन तेच आले, सायकल मारत, घामाने भिजलेले. सिरिंज भरताना पाहून त्यांना कळलं.

"साहेब, चावलं तर पिसाळलंय का ते दहा दिस बांधून बघायचं असतंय. तुमीच शिकिवलं."

"धर त्याला."

त्यांनी धरलं. शेरू त्यांना पाहून एकदम थांबला होता. त्याने त्यांच्या खिशात तोंड घातलं, भाकरी हुडकायला. मी सुई टोचली तेव्हाही तोंड खिशातच होतं.

पंगत पुन्हा बसली. मीही जेवलो.

चौथ्या दिवशी मी वरती लेखी कळवलं. त्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे. 'सदर कर्मचाऱ्याने माझ्या परवानगीशिवाय व परस्पर कुत्र्यावर अघोरी प्रयोग केल्याने कुत्रे हिंस्र झाले.' त्यांची बदली कोपरगाव तालुक्यात झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. नोकरीची शेवटची चार वर्षं. बायको दम्याने आजारी, ती गावीच राहिली. मला तीन महिन्यांनी नगर मिळालं.

हुकुमासोबत माझ्या पत्राची प्रत त्यांना मिळाली होती. ती घेऊन ते शेवटचे माझ्या टेबलासमोर आले. सातवी शिकलेले होते, बोट ठेवून सावकाश वाचायचे. बोट एका शब्दावर थांबलं.

"साहेब, ह्यात परवानगीशिवाय लिवलंय. तुमाला समदं ठावं हुतं की. ते लिहायचं राहिलं का?"

मी कागद चाळू लागलो. त्यांची नजर टेबलाखाली गेली.

"पाय हलतोय साहेब," ते म्हणाले. प्रत घडी करून खिशात घातली आणि गेले.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे. शेरू बरा केला तो त्यांनी. शेपटी मी विनाकारण कापली. माझ्या गोळ्यांनी काही झालं नव्हतं. परवानगी होती, तोंडी होती, माझी होती. शेरूला आठ दिवस घरी नेण्याबद्दल शेठना मी कधी विचारलंच नव्हतं. आणि दहा दिवस न बघता एका धड जनावराला मी मारलं, पाहुणे ताटावर बसावेत म्हणून. हे सांगितल्याने माझं काही बिघडणार नाही. शेठ गेले, माझं पेन्शन चालू आहे. एवढ्या सुरक्षित जागी बसून खरं बोलायला मला सतरा-अठरा वर्षं लागली.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. हे सगळं त्यांच्या तोंडावर सांगायचं असं ठरवून गेलो होतो. गाव निम्मं रिकामं, टोळ्या गेलेल्या. दारोदार कुत्री बांधलेली. ते दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मला त्यांच्या दारात कळलं. मुलगी तिथेच राहते. तिने ओसरीवर सतरंजी टाकली, चहा ठेवला. तुमचं नाव लई ऐकलंय, म्हणाली. वाईट कधी ऐकलं नाही, हेही म्हणाली.

कोपरगावाहून आल्यावर त्यांनी कुत्र्याला हात लावला नव्हता, असं तिने सांगितलं. सायकल, दोऱ्या, कड्या देऊन टाकल्या होत्या. याच ओसरीच्या भिंतीला टेकून बसायचे आणि डाव्या खिशातले चिंचोके एकेक करून उजव्या खिशात टाकायचे. संपले की सगळे परत डाव्या खिशात. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. बोटांची कातडी गेली होती.

"आमी हसलो न्हाई," ती म्हणाली, "रागावलोबी न्हाई. त्यांनीच शिकिवलं हुतं ना. चिंचोके लपिवले, शेळ्या राखायला लावल्या, लई करून बघितलं. पन दोरी काय घावली न्हाई आमाला." चहाची बशी तिने माझ्यापुढे सरकवली. "तुमच्यासंगं सात वर्सं हुते. तुमाला काय ठावं हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

सतरंजीवर माझा पाय हलत होता. तिने पाहिलं नाही. ते असते तर त्यांनी पाहिलं असतं.