टिंग झालं की वळायचं

ओळ संपल्याचा आनंद आमच्या नणदोयांना, म्हणजे नणंदेच्या नवऱ्याला व्हायचा, तेवढा जगात कुणालाच झाला नसेल. धुळ्यात त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि गावातल्या निम्म्या कचेऱ्यांतली बोटं त्यांच्या हाताखालून गेलेली. टाइपरायटरवर ओळ संपत आली की बारीकशी घंटा वाजते आणि मग डाव्या हाताने दांडी ढकलून नवी ओळ धरायची असते. ही घंटा त्यांच्या रक्तात उतरली होती. मक्याचं कणीस खाताना ते दाण्यांची एक रांग डावीकडून उजवीकडे संपवत, तोंडाने "टिंग!" म्हणत आणि कणीस सर्रकन मागे ओढून खालची रांग धरत. ओट्यावर फेऱ्या मारताना भिंत आली की टिंग. बोलतानासुद्धा सात-आठ शब्द झाले की थांबायचे, मग वाक्य कुठेही लोंबकळत राहो. एकदा जळगावच्या एसटीत त्यांना डुलकी लागली आणि झोपेतच त्यांनी डाव्या हाताने अशी काही ओळ वळवली, की खिडकीशी बसलेल्या एका अनोळखी आबांची टोपी पारोळ्याच्या शिवारात जाऊन पडली. "माफ करा हं, ओळ संपली होती," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आबा पुढे जळगावपर्यंत डोक्यावर हात ठेवून बसले.

मी तेव्हा चाळिशीतली. खान्देशात माझ्याइतकी हुशार बाई दुसरी नाही, असं निदान मला तरी वाटायचं. कारण मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता! चपला बाहेर काढून त्या गारेगार खोलीत शिरायचं, पहिल्या दिवशी तर मी मशीनला हात जोडले होते. सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराशेजारी लावलं आणि भाजीवालीने हिशेब चुकवला की तिलाही ऐकवायची, "तुझी मेमरी कमी पडतेय गं." अशा ह्या विदुषीचा सल्ला घेऊनच नणदोयांनी क्लासमध्ये कॉम्प्युटर आणला. त्यावरही ते प्रत्येक ओळीला "टिंग!" म्हणत आणि एंटरच्या बटणावर करंगळी आपटत. मी म्हटलं, "भाऊजी, इथे ओळ आपोआप वळते." तर म्हणाले, "वहिनी, आपोआप वळते ती काय ओळ... टिंग... झाली?"

मग आलं वैशालीचं लग्न. नणदोयांची एकुलती लेक, आणि ऐन मे महिन्यात, लग्नाच्या आदल्या सकाळी मंगल कार्यालयाची बोअर आटली. धावपळ करून पांझरा नदीपलीकडे, देवपुरातल्या एका शाळेचं पटांगण मिळवलं. आता पाहुण्यांना कळवायचं कसं? गावभर केबल टीव्ही होता आणि सिनेमाखाली जाहिरातींची पट्टी सरकायची. नणदोयांनी क्लासमध्ये मजकूर टाइप केला, फ्लॉपी केबलवाल्या नानांकडे नेली. नानांना मराठी टायपिंग येत नव्हतं, त्यांनी तो मजकूर उचलून पट्टीच्या चौकटीत चिकटवला. दुपारच्या सिनेमाखाली सगळ्या धुळ्याने वाचलं: "आमची कन्या वैशाली हिचा उद्याचा विवाह पूर्वी ठरल्याप्रमाणे होणार नाही". बस्स! एवढंच. पुन्हा पहिल्यापासून तेच.

तासाभरात सांत्वनाला बायका जमल्या. एकीने तर येताना पिठलं-भाकरी आणली, "चूल पेटली नसेल" म्हणून! नवऱ्या मुलाची मावशी गावातच राहायची, ती दारातूनच ओरडली, "काय व माय, लगीन मोडनं का? बठ्ठा गावमा बोंब शे! मी एरंडोलले फोन बी करी टाका!" वैशालीने मेंदीचे हात तोंडावर धरले आणि जी रडायला लागली! तेवढ्यात एरंडोलहून व्याह्यांचा फोन. त्यांनी एकच विचारलं, "गाड्या सोडायच्या की नाही?" नणदोई रिसीव्हर धरून उभे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची ओळ सुरूच होईना. फक्त जागा बदललीय, असं मी परोपरीने सांगितलं, तरी मावशी म्हणाली, "टीव्हीवर नीट लिखेल दिसू द्या, मंगच मी त्यासले सांगसू."

आम्ही नानांच्या खोलीकडे धावलो. मी खुर्ची ओढली, पडद्याकडे डॉक्टरसारखं पाहिलं आणि निदान केलं, "व्हायरस!" नाना घाबरून दोन पावलं मागे सरकले. मी मशीन बंद करून चालू केलं, वायर काढून फुंकली, मजकूर परत चिकटवला. पट्टी परत "होणार नाही"पाशी येऊन थांबली. "मशीनच बदलावं लागेल," मी गंभीरपणे जाहीर केलं. नाना म्हणाले, "ताई, मशीन सकाळपर्यंत साड्यांचा सेल दाखवत होतं की!"

शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही इथेच पुन्हा टाइप करा." ते बसले. टकटक टकटक. "होणार नाही" झालं. "टिंग!" आणि करंगळी एंटरवर.

मी किंचाळले. नानांच्या हातातला चहा सांडला.

"भाऊजी, तुमची टिंग! तुमची टिंग आहे त्यात!" एंटर पडद्यावर दिसत नव्हता, पण मजकुरात लपून बसला होता, आणि उचलून चिकटवला की मजकुराबरोबर तोही येत होता. एकाच ओळीची ती चौकट. एंटर भेटला की मजकूर संपला असं समजून पुढचं गिळून टाकायची. मी फ्लॉपीवरचा मजकूर उघडला आणि ओळीच्या टोकाशी जाऊन डिलीट दाबलं. खालची ओळ टुणकन उडी मारून वर येऊन बसली! मग तिच्या खालचीही. नणदोई कळवळून म्हणाले, "वहिनी, न वळता एवढं लांब जायचं? धाप लागेल वाचणाऱ्याला!" पण मजकूर पुन्हा चिकटवला आणि पट्टी निघाली. "होणार नाही" आलं, आम्ही श्वास रोखला, आणि पाठोपाठ, "तर देवपुरात शाळेच्या पटांगणात होईल, मुहूर्त तोच, सर्वांनी यावे" डुलत डुलत आलं. नाना टाळ्या वाजवायला लागले. घरी पोचलो तर मावशी फोनवर ओरडत होती, "सोडा गाड्या, सोडा! मी सोता वाचं!"

दुसऱ्या दिवशी एरंडोलचं वऱ्हाड वाजतगाजत आलं. बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतींवर पंगती उठल्या आणि व्हायरस मी एकटीने मारला, हे मी प्रत्येक पंगतीत सांगत फिरले.

संध्याकाळी वैशालीची गाडी निघाली. मागच्या काचेतून तिचा मेंदीचा हात हलत होता. नणदोई रस्त्याच्या मधोमध उभे होते. गाडी सरळ गेली, लहान होत गेली आणि कोपऱ्यावर एरंडोलच्या रस्त्याला वळली.

"टिंग," ते इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं.

सवयीने त्यांचा डावा हात उचलला गेला. पण ढकलायला तिथे काहीच नव्हतं. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग मी तो धरला आणि आम्ही मांडवाकडे वळलो.