लारीसाहेबाचा धर्म आणि वस्तीवरचा बोअर

लारीसाहेबाने पुढे आलेल्या चहाच्या कपावर हात ठेवला.

“नो, थँक यू. आय डोन्ट ड्रिंक टी.”

मी दुभाषा. साहेब इंग्रजीत बोलणार, मी ते मराठीत सांगणार, गावकरी मराठीत बोलणार, मी ते इंग्रजीत सांगणार. एवढंच माझं काम. या धंद्याचा नियम एकच. समोरचा जे बोलला तेच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही. तेव्हा मी सांगितलं, “साहेब चहा पीत नाहीत.”

जिच्या घरी आम्ही बसलो होतो त्या गयाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग तो कप उचलून तिने चहा परत पातेल्यात ओतला आणि वर झाकण ठेवलं.

“ऱ्हाऊ द्या, भाऊ. समजलं.”

काय समजलं ते मलाही समजलं होतं. तिसगावच्या पलीकडचं गाव, बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष, आणि आम्ही बसलो होतो गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीवर. या वस्तीत आजवर जो जो पांढरपेशा आला, तो ‘मी चहा पीत नाही’ असंच म्हणाला होता. मास्तर म्हणाले, तलाठी म्हणाले, ग्रामसेवक म्हणाले. आणि वस्तीतून निघून सरपंचाच्या ओट्यावर बसून सगळ्यांनी बशा भरभरून चहा ढोसला होता. तोंडावर शिवाशिव बोलायची सोय राहिली नव्हती, म्हणून हे सभ्य वाक्य शोधून काढलेलं. माझा आजा अशाच एका वस्तीतून ख्रिस्ती झाला. धर्म बदलला तरी हे वाक्य त्याच्या वाट्याचं सुटलं नाही. मीही नगरात ते ऐकलंय. त्यामुळे लारीसाहेबाची मानगूट धरून तो चहा त्याच्या घशात ओतावा असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू?

लारी हा अमेरिकेतला ड्रिलिंग इंजिनियर. दुष्काळी कामासाठी आमच्या संस्थेने आणलेला. संस्था नगरची, ख्रिस्ती मंडळींची, ऑफिस केडगावला. ट्रकवर बसवलेलं भोक पाडायचं मशीन, त्याला आम्ही रिग म्हणायचो. रिग लावण्याआधी जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून वीज सोडायची. ती कुठून सहज जाते ते बघितलं की खाली ओल कुठे आहे त्याचा अंदाज येतो. तसा अंदाज आलेल्या जागेला पॉइंट म्हणतात. या गावाचा पॉइंट नेमका गयाबाईच्या घरामागे, तिच्या स्वतःच्या तुकड्यात निघाला. तिने हो म्हटल्याशिवाय रिग लावता येत नव्हती.

आणि पाण्याची गरज कुणाला होती? वस्तीलाच. गावच्या विहिरीला त्यांनी पोहरा लावायचा नाही. हंडा खाली ठेवून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. टँकर आला की आधी गाव भरणार, खाली राहिलेला गाळ वस्तीला. कायद्याने हे सगळं कधीच बंद झालं होतं म्हणे! कायदा पाथर्डीपर्यंत एसटीने येत असावा, पुढे त्याला गाडी मिळत नव्हती.

चहा पातेल्यात गेला आणि सुदाम उठला. सुदाम गयाबाईचा पुतण्या. नगरला मिलिटरीच्या वर्कशॉपात नोकरीला होता, रजेवर आलेला. रोज पेपर वाचणारा, बोलायला कडक.

“साहेबाला सांगा, मशीन दुसरीकडं न्या. आज पाणी देणार, उद्या म्हणणार आमच्या धर्मात या. आणि धर्मात घेतल्यावरही कप वेगळाच ठेवणार. आम्ही एक धर्म सोडला तो कशासाठी सोडला?”

तेवढ्यात सरपंच हजर. गाव त्यांना आबा म्हणायचं. आबा वस्तीच्या हद्दीवरच थांबून ओरडले, “न्हाई म्हनत्यात ना ती? मंग आमच्या मारुतीपुढं लावा की मशीन! तिथं जागा लई हाय.”

जागा लई होती, पण खाली कोरडा पाषाण होता. लारीने तो आदल्या दिवशीच तपासला होता. हे आबांना सांगितलं तर आबा हसून म्हणाले, “देवाच्या पुढ्यात पानी न्हाई आसं हुतं व्हय?”

संध्याकाळी केडगावला संस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी निकाल दिला. सरपंचाशी वाकडं नको. सकाळी मी स्वतः येतो. वस्तीने हो म्हटलं तर ठीक, नाहीतर मारुतीपुढे भोक पाडा आणि पुढच्या गावाला चला.

“पण तिथे पाणी नाही, साहेब.”

“आपण बोअर दिला हे दिसलं पाहिजे. पाणी देणं देवाच्या हातात.” आणि आवाज उतरवून म्हणाले, “शिवाय हा लारी मॉर्मन आहे. आपल्यातला नाही तो. त्याच्यासाठी आपण कशाला भांडायचं?”

भांडण लारीसाठी होतं का, माणसा?

मॉर्मन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तसाच लारीच्या खोलीवर गेलो आणि त्याला फैलावर घेतलं. एक घोट घेतला असतास तर काय तुझी जीभ झडली असती? तिथे त्या बाईने टँकरच्या गाळातलं पाणी गाळून तुझ्यासाठी चहा ठेवला होता!

तो गोंधळला. मी त्याला ‘चहा पीत नाही’ या वाक्याचा आपल्याकडचा इतिहास सांगितला. ऐकता ऐकता तो पलंगावर बसला. म्हणाला, “पण मी खरंच पीत नाही. माझ्या धर्मात चालत नाही.”

“कसला धर्म तुझा? नीट सांग. उद्या मला तो वस्तीला सांगायचाय.”

मग त्याने सांगितलं ते असं. मॉर्मन स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. येशूला तारणारा मानतात. आम्ही बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव मानतो. ते म्हणतात हे तिघे वेगवेगळे, फक्त त्यांचं मन एक. त्यांचं म्हणणं, येशूच्या शिष्यांनंतर खरी मंडळी, म्हणजे चर्च, जगातून हरवली. मग दीडशे वर्षांमागे अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या पोराला दर्शन झालं. देवदूताने त्याला जमिनीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले. त्यावरचा मजकूर म्हणजे त्यांचा दुसरा ग्रंथ. बायबल आहेच, त्याच्या जोडीला हा.

“आणि ते पत्रे कुठायत आता?”

“देवदूताने परत नेले.”

मी कपाळावर हात मारला. तो हसला, म्हणाला, “सगळेच असं करतात.”

त्यांच्यात पगारी पाद्री नाही. शेतकरी, दुकानदार, शिक्षक, आळीपाळीने तेच मंडळी चालवतात. सर्वांत वर एक संदेष्टा असतो, जिवंत. देव अजूनही बोलतो अशी त्यांची श्रद्धा. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नाही. आठ वर्षांचं झाल्यावर, कळायला लागल्यावर, पाण्यात पूर्ण बुडवून. मेलेल्या पूर्वजांच्या नावानेही जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाही हे त्या पूर्वजाने वर ठरवायचं. नवराबायको आणि लेकरं मंदिरात एकमेकांशी कायमची बांधली जातात, मेल्यावरसुद्धा कुटुंब सुटत नाही. पूर्वी त्यांच्यात अनेक बायका करायची चाल होती, ती बंद होऊन जमाना झाला. आता कुणी केल्या तर मंडळीतून बाहेर. महिन्यातून एकदा अन्नपाणी वर्ज्य करून उपास, आणि त्या जेवणाचं जे वाचेल ते गरिबांना. दारू नाही, तंबाखू नाही, कॉफी नाही, चहा नाही. शरीर देवाने दिलंय, ते स्वच्छ ठेवायचं म्हणून.

“आणि पाणी?”

“पाणी चालतं,” तो म्हणाला. “आमचे लोक मार खाऊन वाळवंटात पळाले होते. पोचताच आधी पाण्याचे पाट काढले त्यांनी. म्हणून मी या धंद्यात.”

“मग गाढवा, पाणी मागायचंस!”

गाढवा हे मी मराठीत म्हणालो. त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती गोळा झाली. मॅनेजरसाहेब खुर्ची टाकून बसले. आबा हद्दीवर, त्यांची चार माणसं मागे. लारीने गयाबाईकडे पाणी मागितलं. तिने तांब्या दिला. त्याने तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायलं, भाकरीही मागून खाल्ली. मी त्याच्या धर्मातला चहाचा नेम सांगितला, पगारी पाद्री नसून साधी माणसंच मंडळी चालवतात हेही सांगितलं. माना हलल्या, पण कुणाचं मन वळलं नाही. पाणी तर काय, मतं मागायला येणारेही आता पीत होते.

सुदाम म्हणाला, “एक विचारा. तुमच्या मंडळीत सगळी माणसं सारखी का? तो पाद्रीपणाचा मान सगळ्यांना मिळतो का?”

मी विचारलं. लारीने हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, नाही. काळ्या वंशाच्या पुरुषांना तो अधिकार देत नाहीत. ते सभासद होऊ शकतात, पण तो मान त्यांना नाही, आणि त्यामुळे मंदिरातले मोठे विधीही नाहीत. का, ते मला सांगता येत नाही.

मॅनेजरसाहेब ताडकन उठले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हे बोलायचं नाही. सगळे सारखे म्हणून सांग आणि मोकळा हो.”

त्या क्षणी मला दोघांचाही संताप आला. चहाच्या घोटाची इतकी काळजी घेणारा हा माणूस, आणि अख्ख्या माणसांना दाराबाहेर ठेवतो, वर कारण माहीत नाही म्हणतो! आणि हा आमचा मॅनेजर, याला माझ्या तोंडून खोटं हवंय, तेही माझ्याच लोकांशी. अर्थात पाण्याचाही विचार मनात आला. खरं सांगितलं तर रिग मारुतीपुढे जाणार आणि ही वस्ती पुन्हा हंडे ठेवून उभी राहणार. पण मी दुभाषा होतो. जे तो बोलला ते मी शब्दाला शब्द सांगितलं.

एकच गलका झाला. “बघा! बघा, म्हणलं नव्हतं?” सुदाम ओरडत होता. आबा हद्दीवरून गालात हसत होते. मॅनेजरसाहेब ड्रायव्हरला म्हणाले, “गाडी काढ.”

“थांबा की वाईच,” गयाबाई म्हणाली. ती उठून लारीच्या समोर येऊन उभी राहिली. “सुदाम, तू गप. ह्यो मानूस सोताच्या धर्मातलं वंगाळ आमच्या दारात हुबा ऱ्हाऊन सांगतोय. त्याचं काम बुडत असताना सांगतोय. त्यो एका कपासाठी खोटं कशाला बोलंल?”

“म्हणून काय त्याचं चांगलं झालं, काकू?”

“न्हाई झालं. वंगाळच हाय.” मग माझ्याकडे वळली. “भाऊ, सांग त्याला. तुझा ह्यो नेम लई वाईट हाय. तुझ्या देवळात आमी पाय ठेवनार न्हाई. पर मशीन लाव.”

मी सांगितलं. त्यातलाही एक शब्द गाळला नाही. लारीची मान लाल झाली. तो म्हणाला, तिला थँक यू सांग.

“थँक्यू कशाला? पानी काढ,” गयाबाई म्हणाली.

रिग लागली. दिवसभर कंप्रेसरच्या आवाजाने कान किटले, पांढऱ्या भुकटीने सगळी वस्ती माखली. दिवस कलताना भुकटीचा चिखल झाला, आणि मग पाणी उसळलं. बाया ओल्या होऊन हसत होत्या. लारी बाजूला उभा राहून रडत होता. तरी माझा राग गेला नव्हता. जीपमध्ये मी त्याला म्हणालो, “ज्या नियमाचं कारण तुला सांगता येत नाही, तो तू पाळतोस कसा?” पुढे काही वर्षांनी त्याच्या मंडळीने तो नियम काढून टाकल्याचं वाचलं. मला आनंद वगैरे झाला नाही. इतकी वर्षं होताच कशाला, म्हणून डोकं फिरलं.

हातपंप बसवायला आम्ही पुन्हा गेलो तेव्हा गावची विहीर आटली होती. पंप बसला त्याच दुपारी गावातल्या बाया हंडे घेऊन वस्तीवर आल्या. त्यांच्यातली एक पुढे झाली. तिने कळशीतून आणलेलं पाणी पंपाच्या दांड्यावर ओतलं आणि तो खसाखसा धुवायला लागली. वस्तीचे हात लागले होते ना त्याला!

गयाबाईने जाऊन दांडा धरला.

“धुवायला पानी न्हाई आमच्यात. दुस्काळ हाय. हाय तसा धरून भरायचं आसंल तर भरा, न्हाईतर जावा टँकरची वाट बगत.”

मग त्या बाईने हंडा पंपाखाली सरकवला आणि ओला दांडा धरून हापसायला लागली. लारीने विचारलं, काय म्हणाल्या? मी सगळं सांगितलं.

महिनाअखेर मॅनेजरसाहेबांनी मला कामावरून काढलं. हुकूम ऐकत नाही म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. दुभाष्याने एक शब्द जरी गाळला, तरी तो मॅनेजर होतो.