हिमगडचे सरदार

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरला, चांगी बिझनेस पार्कच्या फूड कोर्टमध्ये रांगेत उभा होतो. त्याची बायको अनघा एवढंच म्हणाली, "शिरीष गेला. सकाळी." मी फोन ठेवला, ताट घेतलं आणि सगळं जेवलो. त्याला आता सहा आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही.

आम्ही चौघं मराठी इंजिनिअर, सगळे चाळिशी ओलांडलेले, दर रविवारी दुपारी सेंगकांगला माझ्या फ्लॅटमध्ये फासे टाकून एक खेळ खेळायचो. राजे, ड्रॅगन, बर्फाचे डोंगर असं एक जग मी रचलेलं, त्यात प्रत्येकाचं एक पात्र. बायका याला भातुकली म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. शिरीष होता रणोजीराव, उत्तर सीमेवरच्या हिमगडाचा सरदार. ऑफिसात मॅनेजरपुढे 'येस, शुअर'च्या पलीकडे न जाणारा हा माणूस रणोजीराव झाला की राजालाही जुमानत नसे. राजाने एकदा दरबारात मानाची जागा देऊ केली, तर म्हणाला, "दरबारात बसायला खूप आहेत. इथे थंडीत कोण उभं राहणार?" आणि हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेली केळ्याची भजी शांतपणे पुढे सरकवली.

मग सलग तीन रविवार तो आला नाही. 'पोट बरं नाहीये रे,' एवढाच मेसेज. मला रागच आला. जो गैरहजर, त्याचे फासे मी टाकायचे असा आमचा नियम. त्या रागात मी हिमगडावर शत्रू घातला. फासा पडला एक, म्हणजे सपशेल हार. रणोजीराव गडाच्या दरवाज्यातच पडले. मी मोठ्या मजेत कळवलं, 'सरदार कामी आले. आता तरी ये!' त्याचं उत्तर आलं, 'गड कोणाकडे?' मी लिहिलं, 'शत्रूकडे.' त्याने नुसता अंगठा पाठवला. तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता, आणि दुखणं साधं नाही हे त्याने आमच्यापैकी कोणालाच सांगितलं नव्हतं. नऊ दिवसांनी तो गेला. फाशांचा आणि याचा काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी तो मेसेज परत घ्यावासा वाटतो... पुसला तरी त्याने तो वाचलेलाच आहे.

गेल्या रविवारी अनघा एक फोल्डर घेऊन आली. "शेवटच्या आठवड्यात त्याने पेन्सिल मागितली," ती म्हणाली. "मला वाटलं, मृत्युपत्र लिहितोय. तर हे निघालं. तुमच्या खेळातलंच आहे ना?" आत एका नव्या पात्राचा कागद होता. रणोजीरावांची मुलगी, वय एकोणीस. उद्देश: हिमगड परत घेणे. माझी लेक सई खांद्यावरून वाचत होती. ती तिच्या सिंगापुरी वळणाने म्हणाली, "बाबा, मग हिला आता कोण प्ले करणार? कान्ट जस्ट लीव्ह हर लाइक दॅट, लाह."

 तो कागद आता टेबलावर शिरीषच्या जागी, फाशांच्या डब्याखाली असतो. पात्र मेलं तर खेळ अडू नये म्हणून प्रत्येकाने कागदावर आपल्या पात्राचा वारस लिहायचा, हाही आमचाच नियम. या मुलीच्या कागदावर वारसाच्या रकान्यात शिरीषने आपल्या बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'सध्या गरज नाही.'