जमलीकाकीनं केलेला चहा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बाबांना नाही, आणि पोलिसांच्या गाडीत शेजारी बसून ज्यांनी माझ्याबरोबर घोषणा दिल्या त्या मैत्रिणींनाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण माझी पत्रकं तुमच्या हातात पडली असतील. तुम्ही ती खरी मानली असतील. मानली असतील ना?

मी पत्रकांवरच वाढले. आमच्या तांड्यात पुस्तकं नव्हती, पण बाबा सभांना जायचे आणि उरलेले गठ्ठे घरी आणायचे. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. बाबा म्हणायचे, तिसऱ्या ओळीपर्यंत आग लागली नाही तर लोक पत्रकात भजी बांधतात. हे मी फार लवकर शिकले. इतकं लवकर, की— थांबा. क्रमानं सांगते.

तांड्याची चराईची जमीन सौर प्रकल्पाला दिली गेली. ग्रामसभा झालीच नव्हती. कागदावर मात्र झाली होती. मोजणीवाले आले तेव्हा आम्ही जमिनीवर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली. व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या पोरांना ठाण्यात बोलावून फोन काढून घेतले. आणि मग भर दुपारी पोलिसांची गाडी जमलीकाकीच्या दारात थांबली, कारण मोजणीचा दगड उपटणारा तिचा नवरा होता— फुलसिंगकाका. त्याला आधी घरात मारलं, मग नेलं. परत आला तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आजही जात नाही.

चौकशी करायला बाहेरून एक सत्यशोधन समिती आली. शाळेच्या खोलीत एकेकाला आत बोलावत होते. फोन बाहेर ठेवायला लावले, रेकॉर्डिंग कुणाच्या हाती लागेल या भीतीनं. समितीतल्या कुणालाच मराठी येत नव्हती. काकी आमच्या गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत सांगत होती आणि मी कॉलेजात कमावलेल्या इंग्रजीत ते पुढं देत होते. ती काय म्हणाली आणि मी काय सांगितलं, हे दोन्ही कळणारं त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

काकीनं सांगितलं ते असं. आत काकाला मारत होते, आणि जमादारानं तिला चुलीपाशी बसवलं. चहा ठेव, म्हणाला. दूध नाही म्हटल्यावर शेळीचं काढायला लावलं. आतून काकाचा आवाज येत होता आणि ती साखर ढवळत होती. कप कमी पडले म्हणून शेजारून आणले. मारून झाल्यावर ते बाहेर आले, घाम पुसला आणि चहा प्यायले. एकानं चांगला झाला असंही म्हटलं. हे सांगताना काकी रडली नाही. नुसती आपल्या हातांकडे बघत राहिली.

आणि मला लाज वाटली. पोलिसांची नाही— तिची. लढ्यातली बाई, आणि चहा करते? नवऱ्याला मारणाऱ्यांसाठी? हे मी पत्रकात कसं लिहू? वाचणारे काय म्हणतील? एवढा विचार करायला किती वेळ लागतो? काकीनं पदर सारखा केला तेवढाच. मी तोंड उघडलं आणि सांगितलं, की ही बाई दारात आडवी उभी राहिली, तेव्हा पोलिसांनी तिला केस धरून अंगणात फरफटत नेलं.

चहाचा शब्दही काढला नाही. समितीतल्या बाईंचे डोळे भरून आले. मला— हेही सांगते— मला ते आवडलं.

मग तेच पत्रकात आलं, तिसऱ्या ओळीत. तांड्यात ते वाचलं गेलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. पत्रकात थोडं जास्तीचं असतंच, असं लोक धरून चालतात. काकी तेव्हा काकाला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात होती. परत आल्यावर मी तिच्या नावानं तक्रार लिहिली, त्यातही तेच लिहिलं, आणि तिचा अंगठा घेतला. वाचून दाखवलं नाही. घाई आहे, असं स्वतःलाच सांगितलं.

त्या तक्रारीची चौकशी तालुक्याला एका मोठ्या साहेबांपुढं झाली. साहेबांनी तांड्याचे प्रमुख असलेल्या नाईकांना विचारलं. म्हातारे नाईक काकीच्या बाजूचेच. मारहाणीचं त्यांनी सगळं सांगितलं. पण त्यांना खोटं बोलता येत नाही.

"केस कोनं धरले नाही साहेब. ते त चुलीपाशी होती. चाय करून राह्यली होती."

साहेब हसले. म्हणाले, "म्हणजे पाहुणचार झाला." कारकूनही हसला. जो चहा पोलिसांवरचा सगळ्यात मोठा आरोप होता, तो मी लपवला, आणि तो त्यांच्याच कामी आला. फटक्यांचं कुणी पुढं विचारलंच नाही. चहा पाजणाऱ्या घरात मारहाण कशी होईल?

मग त्यांनी तक्रारीतली ती ओळ मोठ्यानं वाचली आणि काकीला विचारलं, हे तुम्हीच सांगितलं होतं का.

तिनं ती ओळ पहिल्यांदाच ऐकली. ती वळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागच्याच खुर्चीवर होते. 'हे माझं आहे, तिचं नाही'— एवढंच म्हणायचं होतं. मग निदान काकाचा हात तरी खरा ठरला असता. मला तुरुंगाची भीती नव्हती. तुरुंगाची तयारी मी लहानपणापासून केली होती. मला भीती होती ती खोटारडी ठरण्याची. सत्तेला खोटारडी म्हणताना माझा आवाज किती चढायचा, हे तुम्ही ऐकलं असेल. त्या दिवशी तो निघालाच नाही.

काकी साहेबांकडे वळली. "मीच सांगतलं होतं," म्हणाली.

तक्रार खोटी ठरली. काकाची मारहाणही तिच्याबरोबर खोटी ठरली. खोटी तक्रार दिल्याचा खटला काकीवर सुरू आहे आणि ती तारखांना जाते. फरफटल्याची ओळ माझी होती. शाळेच्या खोलीत तिनं स्वतः सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता. मी मात्र त्याच आठवड्यात सत्याचा गळा घोटला म्हणून नवं पत्रक काढलं. ते दिग्रसपासून बाभुळगावपर्यंत वाटलं गेलं.

चौकशीहून परतताना आम्ही एकाच जीपमध्ये होतो, मांडीला मांडी लावून. मी काहीच विचारलं नाही. तीच हळू, आमच्या बोलीत म्हणाली, "तुला अजून लोकांसमोर बोलायचंय, पोरी. मला कोण विचारतं?"

तेव्हा तरी मी काही बोलायला हवं होतं. मी बाहेर, तुरीच्या शेतांकडे पाहत राहिले. मला हायसं वाटलं होतं.