हर्षवायूवरचा ओवा

शब्दांचे अर्थ सांगायला मी काही मास्तर नाही, चौथीत शाळा सुटली. पण माझ्या बायकोनं एक शब्द जन्मभर उराशी धरला होता. ती गेली, आता तो शब्द घरात कुणी काढत नाही. म्हणून लिहितो. हर्षवायू.

लोक तो गमतीनं वापरतात. फार आनंद झाला की म्हणतात, हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. आमच्या हिला तो खराखुरा आजार वाटायचा, गोवर-कांजिण्यांसारखा. मालवणकडं तिच्या गावी तिचा काका वादळातून जिवंत परतला, तेव्हा तिचे आजोबा हसायला लागले ते थांबेचनात. शेवटी अंथरूण धरलं. "माझ्या आज्याक झालेलो, माका शिकवू नका," म्हणायची. त्यामुळं आमच्या वाकोल्याच्या खोलीत चांगली बातमी उभ्यानं सांगायची सोय नव्हती. आधी बसायचं, चिमूटभर ओवा चावायचा, वर कोमट पाणी. वात बसतो ना! शेजारीण नातू झाल्याचं सांगायला आली, तर तिलाही ओवा.

नाक्यावरच्या वैद्यांना मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "अरे, हर्ष म्हणजे आनंद, वायू म्हणजे वात. वात खवळला की माणूस बरळतो, असं जुने वैद्य मानायचे. आनंदानं खवळला तर हर्षवायू. बाई चुकीचं बोलत नाही."

"मग तुम्ही कितीजणांना बरं केलंत?"

"एकही आला नाही रे. वाकोल्यात कुणाला होतोय?"

हे मी घरी बोललो नाही. आधीच काय कमी ऐकवत होती!

ऐंशी सालानंतर गिरण्या बंद पडल्या, त्यात माझीही. मिळेल ते काम करायचो. ही तक्रार करायची नाही, हसायचीही नाही. मग आरे कॉलनीत गुरांच्या गोठ्यावर कायमच्या नोकरीची आशा लागली. मला नोकरी हवी होतीच, पण ही बाई एकदा तरी मोकळेपणी खूश झालेली बघायची होती.

नोकरी लागली. मी घरी धावलो. हिनं दारातच माझं तोंड बघितलं.

"आधी बसा."

"अगं, ऐक तरी..."

"बसा म्हणतंय ना!"

बसलो. ओवा चावला. मग म्हणालो, "लागली. कायमची."

"बरा झाला," म्हणाली आणि भांडी घासायला वळली.

माझं डोकंच फिरलं. "तुझ्यापेक्षा गोठ्यातली म्हैस बरी! शेपूट तरी हलवेल."

तिचे खांदे हलत होते. वाटलं, रडतेय. जवळ गेलो तर हसत होती! "कायमची?" विचारायची आणि पुन्हा हसायची. राखेनं माखलेलं पातेलं हातातून सुटलं, ही खाली बसली, डोळ्यांतून धारा. थांबेचना. इतकी वर्षं चेष्टा करणारा मी, चांगलाच टरकलो.

"पुरे कर गं. वैद्यांना बोलवू?"

"बोलवा! नि काय सांगशात? घोवाक नोकरी लागली म्हणान बायको मरता?"

मग मलाही हसू आवरेना. दोघं मोरीशी बसून हसतोय, नि शेजारीण दारातून बघून गुपचूप परत गेली.

हिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी डबा देताना तोंड नेहमीसारखंच होतं. फक्त जिन्यापर्यंत सोबत आली. आणि मी खाली उतरेपर्यंत तिथंच उभी राहिली.